कोठाराच्या दारावरची शिळा
माझ्या जिवलग मित्राने मला फसवलं. ओल्या चुन्याचा वास आला की ते आठवतं. आयर्लंडमधल्या किलकेनीजवळचं इंग्रजी धाटणीचं जुनं दगडी शेतघर मी घासाघीस करून घेतलं, ते आवारातल्या कोठारासाठी. त्याला बाहेरून दगडी जिना होता आणि दारावर वरची भिंत पेलणारी एकसंध कोरीव शिळा. मी भारतात असताना किल्ली मित्राकडे होती. परतलो तर शिळेच्या जागी लाकडी फळी आणि वर भिंतीला तडा. "चोरी झाली रे," माझ्या खांद्यावर हात ठेवून तो हळहळला. पुढे त्याच्या वास्तुशांतीला गेलो, तर शिळा त्याच्या फायरप्लेसवर! "यार, तुझं कोठार तसंही पडणारच होतं," तो हसला. मी प्रसाद तिथेच ठेवून निघालो. आज ती तडा गेलेली भिंत उतरवतोय, चुन्यात पुन्हा बांधायला. शिळा मी परत आणेनच. पण तेव्हा खांद्यावर हात का ठेवला, ते त्याने या भिंतीसमोर येऊन सांगावं.