आईच्या डब्यातलं दगडफूल

मनमाडला गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात आईने खिडकीच्या गजांमधून एक पिशवी आत सारली. काळा मसाला असेल म्हणून मी पाहिलं, तर डब्यात सगळं अख्खंच होतं: धणे, मिरी, लवंग आणि वेगळ्या पुरचुंडीत दगडफूल. "कुटलेला दिला तर संपल्यावर रडत बसशील," ती म्हणाली. "भाजायला शीक." गाडी हलली तरी ती फलाटावरून सांगत होती की प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, थेंबभर तेलावर, आणि दगडफूल सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून नुसत्या कढईच्या उबेवर.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. अन्नतंत्रज्ञान शिकले आणि स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीतल्या मुनिरकात आले. खोलीला खिडकी नव्हती, पण मसाला भाजला की शेजारच्या नांदेडच्या मुली ताटल्या घेऊन हजर व्हायच्या. तीन वेळा परीक्षा दिली, तीनही वेळा नापास झाले. परत जायचं नाही एवढं मात्र ठरलेलं होतं. गुरुग्रामच्या एका लहानशा बिअर कारखान्यात यीस्ट तपासायला माणूस हवा होता. मी गेले. आईला सांगितलं, पेयांच्या कंपनीत लागले. तिने सरबत समजून घेतलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

हे का, ते सांगायला हवं. मी सातवीत असताना गावातल्या बायकांनी दारूच्या दुकानावर मतदान घडवून आणलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आई महिनाभर उंबरे झिजवत होती. मीही तिच्याबरोबर फिरून "आडवी, आडवी" असं ओरडायची. दुकान बंद झालं. त्या घरची मुलगी आता रोज बिअरच्या टाक्यांपुढे उभी राहते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मेहरा सरांनी मला स्वतःची बिअर करून बघायला सांगितलं. माझ्यासारखीला एवढी संधी कोण देतं? मी दोन पद्धती एकत्र करायचं ठरवलं. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे पडतातच, आणि जर्मनीत मोड आणून धुरावर वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, वापरतात. त्या धुरकट चवीला जोड म्हणून मला दगडफूल सुचलं. आईने पाठवलेलंच घातलं, तिच्या पद्धतीने तेलावर भाजून. वास सुंदर आला, पण ग्लासात ओतताच फेस बसला. तेलाने फेस मरतो हे मी पुस्तकात शिकले होते, तरी कढईपुढे उभं राहिल्यावर हात आईचाच चालला.

दुसऱ्या वेळी सगळं कोरडं भाजलं. धणे उकळीत टाकले, आणि दगडफूल आच बंद केल्यावर, शेवटी. या वेळी फेस टिकला. पहिल्या घोटाला गव्हाचा मऊपणा, मग धूर, आणि गिळल्यावर मागे आमच्या आमटीची आठवण. मेहरा सरांनी दोनदा चाखून पाहिली. "ये क्या डाला है, यार? किसी की रसोई लग रही है," ते म्हणाले. गिऱ्हाइकांना बिअर देतात त्या नळावरच्या कार्डावर माझं नाव आणि ही मसाल्याची गोष्ट लिहायची असं त्यांनी लगेच ठरवून टाकलं.

मी एक दिवस मागून घेतला. आईची गोष्ट तिच्यापासून लपवून लोकांपुढे मांडणं मला जमणार नव्हतं. नोकरी सोडायचीही नव्हती. दुपारच्या सुट्टीत फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, दगडफुलासकट.

मग तिने विचारलं, "पितेस का तू?"

"चाखते. कामापुरतं. गिळावं लागतं."

"चार वर्षं सरबत सांगितलंस मला."

मी हो म्हटलं.

"तुझ्या कामाला मी नाही म्हणणार नाही, ते तू तुझ्या शिक्षणावर मिळवलंस. पण माझ्या डब्यातलं त्यात पडता कामा नये. आणि माझं नाव कुठं लिहायचं नाही."

कार्डावर आता फक्त माझं नाव आहे. कारखान्याच्या मसाल्यासाठी मी जुन्या दिल्लीतल्या खारी बावलीच्या मसाला बाजारात जाते. तिथे पहिल्यांदा दगडफूल विकत घेताना परक्यासारखं वाटलं, तरी हाताने चुरून, वास घेऊन, तिच्यासारखंच निवडून घेतलं. कारखान्याच्या कढईत मी तेल घालत नाही. खोलीवरच्या कढईत घालते.

गावाकडच्या मुली विचारतात, दिल्लीत घर झालं का. खोली आहे, काम आहे, आणि दोन्ही मी सोडणार नाही. घर म्हणाल तर फडताळावरचा तो डबा. महिन्यापूर्वी तो रिकामा झाला. मी मागितला नव्हता, तरी परवा पार्सल आलं. धणे, मिरी, लवंग, आणि वेगळ्या पुरचुंडीत दगडफूल. वर चिठ्ठी होती: "आमटीसाठी."