आडनावबंधूंची वही

आमचं आडनाव मी इथे सांगणार नाही. सातारा-सांगलीकडे ते इतकं बोकाळलेलं आहे की सांगितलं तर वाचणाऱ्यांतले निम्मे माझे नातेवाईक निघतील आणि उरलेले निम्मे "आम्ही त्यांच्यातले नव्हे" म्हणून रागावतील. एसटी स्टँडवर ते मोठ्यानं पुकारलं तर चार माणसं वळून बघत, आणि पाचवा तेवढ्यात रांगेत पुढे सरकून घेई.

काकांना मात्र या आडनावाचा भलता अभिमान. ते सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला आले होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे आमच्या घरातले मोठे म्हणजे काकाच. पेन्शन वेळेवर येत होती, तब्येत ठणठणीत होती आणि हुकूम सोडायला हाताखाली काकीशिवाय कोणी उरलं नव्हतं. काकी हुकूम ऐकून घेत आणि आपल्याला हवं तेच करत. अशा माणसाला काहीतरी उद्योग लागतोच.

तो उद्योग त्यांना पेपरातल्या एका बातमीनं दिला. आमच्याच आडनावाच्या कुणा गृहस्थांना उसाच्या खोडकिडीवरच्या प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळाली होती. काकांनी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं. मजकूर मला पाठ आहे. "आपले अभिनंदन. आपले मूळ गाव कोणते? देवक कोणते? कीड मेली का?"

देवक म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं झाड. आमचं कळंबाचं. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, असा आमच्याकडचा हिशेब. त्या भल्या माणसानं उत्तर पाठवलं. देवक कळंबच निघालं. कीड अजून मेलेली नव्हती, पण ती कधी येते आणि कुठे लपते ते आता कळत होतं.

"म्हंजे रेकी झाली," काका समाधानानं म्हणाले. "हल्ला तेवढा बाकी हाय."

मग त्यांनी जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही आणली, लष्करी पद्धतीनं रकाने आखले आणि आमच्या आडनावाचा जो कोणी जगात काहीही शोधत असेल त्याची नोंद करायला सुरुवात केली. अनुक्रमांक, नाव, काम, गाव, देवक आणि शेवटी शेरा. दोन-अडीच वर्षांत वहीची तीन पानं भरली. मिरजेचे एक प्राध्यापक तंबोऱ्याच्या तारेखाली सूत सरकवून आवाज कसा बदलतो ते मोजत होते. त्यांच्यापुढे शेरा होता, "सूत सरकवतात. पगार मिळतो." अर्थशास्त्राचे एक जण आठवडी बाजारांचा अभ्यास करत. "भाव विचारतात. घेत काही नाहीत." सांगलीजवळच्या एका जैन पंडितांनी, जुन्या पोथ्या वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं होतं, अदबीनं कळवलं की आमच्यात देवक नसतं. काकांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, "देवक नाही. माणूस आपला."

सगळ्यात कमाल ताम्रपट वाचणाऱ्या एका इतिहासकारांची. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की माझं आडनाव मुळात हे नाहीच, मला शाळेत घालताना मास्तरांना माझं खरं आडनाव आवडलं नाही, त्यांनी हे लावून दिलं. मला वाटलं, आता यांचं नाव कटणार. काकांनी शेरा मारला, "भरती मास्तरांनी केली. चालेल."

मीही त्या वहीत होते, सहाव्या क्रमांकावर. "हळदीची पेवं. पुतणी."

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी पेवांवर काम करत होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, तोंडाशी माणूस उतरेल एवढं अरुंद आणि पोटात प्रशस्त असं कोठार. सांगलीजवळ नदीकाठच्या मातीत अशी पुष्कळ पेवं होती आणि त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची. ना कीड, ना बुरशी. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी तोंड तसंच उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर माणसानं उतरायचं नाही. आत कसली हवा असते आणि ती हळदीचं काय करते, एवढाच माझा प्रश्न होता. बाटल्या घेऊन हवा भरायला येणारी बाई बघून हमाल आधी हसले. नंतर तेच माझ्यासाठी दोरी धरून उभे राहायला लागले.

माझे दोन निबंध छापून आले होते. लांबलांबच्या माणसांची पत्रं यायची, आणि पाकिटावर माझं नाव, माझं आडनाव. ते बघायला मला फार आवडायचं, हे कबूल करते.

पाचव्या वर्षी प्रबंध संपत आला आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर मिरजेचं, माणसं साधी, नवरा रेल्वेत. दिवाळीच्या आधी प्रबंध सादर करायचा फॉर्म कॉलेजच्या कारकुनानं भरून ठेवला, आणि त्यावर माझं सासरचं नाव घातलं. मी म्हटलं, माझे निबंध जुन्या नावानं आहेत, पाच वर्षांचं काम त्या नावानं आहे, प्रबंधही त्याच नावानं जाऊ दे. कारकून म्हणाला, घरचं विचारून या. नवरा म्हणाला, मला चालेल, वडिलांना विचार. सासरे विचारी माणूस. ते म्हणाले, "आमची हरकत नाही. पण तुमच्या काकांकडून दोन ओळी आणा. उद्या त्यांना वाटायला नको की आम्ही सुनेला आपलं नाव दिलं नाही." फॉर्मची मुदत आठ दिवसांवर आली होती.

मी निश्चिंत होते. आडनावासाठी जीव टाकणारा माणूस, त्यालाच आडनाव राखायची परवानगी मागायची होती. दिवाळीच्या सुट्टीत काकांनी वहीतल्या सगळ्यांना साताऱ्याला जेवायला बोलावलं होतं. मी आदल्या दिवशीच गेले आणि चहा पिता पिता विषय काढला.

काकांनी कप खाली ठेवला. "न्हाई जमायचं."

"का?"

"लोकं काय म्हणतील? पोरगी दिली आनि आडनाव ठिवून घेतलं! दिलेलं परत घेत्यात व्हय कुनी?"

मी वही उघडली. सहाव्या क्रमांकावर तांबड्या शाईची सरळ रेघ होती आणि शेऱ्यात नवीन अक्षरं होती, "बदलून गेली. मिरज."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, रडूही आलं. मी म्हणाले, "मास्तरांनी आडनाव चिकटवलेला माणूस तुम्हाला चालतो, आणि जन्मानं मिळालेली मी चालत नाही?"

"ती भरती हाय. तुजी बदली झाली. कायदा कायदा असतोय, पोरी."

लष्कराचा कायदा होता की भावकीचा, ते त्यांनी सांगितलं नाही. काकी कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्यांनी एकदा काकांकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आठ जण आले. खोडकिडीवाले सकाळच्या एसटीनं सगळ्यांच्या आधी. पंडितांसाठी काकींनी कांदा-लसूण-बटाट्यावाचून वेगळा स्वयंपाक केला होता, वेगळ्या भांड्यांत, न सांगता. जेवणं झाल्यावर काकांनी सगळ्यांना सतरंजीवर अनुक्रमांकानं बसवलं. त्यांच्या हजेरीची पद्धत ठरलेली होती. नाव पुकारायचं, गड्यानं उठून उभं राहायचं, पाच मिनिटांत आपलं संशोधन सांगायचं आणि खाली बसायचं. घड्याळ काकांच्या हातात. ताम्रपटवाल्यांना त्यांनी एका राजाच्या ऐन लढाईत खाली बसवलं. तंबोरेवाल्यांनी गाऊन दाखवलं, त्यासाठी दोन मिनिटं वाढवून मिळाली.

मी आत काकींबरोबर चहा गाळत होते. पाचनंतर एकदम सात पुकारलेलं मला ऐकू आलं.

"सहा?" खोडकिडीवाल्यांचा आवाज आला. "पेवांवर काम करणाऱ्या बाई? मी तर त्यांना भेटायला आलोय. माझ्या किडीचं उत्तर त्यांच्या हवेत असेल असं वाटतंय मला."

"त्या बदलून गेल्या," काका म्हणाले.

"कुठल्या कॉलेजात?"

काकींनी माझ्या हातातलं गाळणं काढून घेतलं.

"जा. भाईर जाऊन बस."

"काका चिडतील."

"चिडू द्यात. लय बगितलंय त्यांचं चिडनं."

मी पदराला हात पुसत बाहेर गेले आणि पाच आणि सातच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिले. पहिली दोन वाक्यं माझी मलाच ऐकू आली नाहीत. मग कंदिलाचं सांगायला लागले, तो कसा विझतो, किती वेळानं विझायचा थांबतो, त्या हवेत किडा का जगत नाही, आणि हळूहळू आवाज मोकळा झाला. खोडकिडीवाले आपल्या वहीत भराभर लिहून घेत होते. पंडितांनी विचारलं, पेवात पोथ्या टिकतील का? काकांचा हात घड्याळावर होता, पण पाच मिनिटं झाली, दहा झाली, त्यांनी बसायला सांगितलं नाही.

दुपारी चारपर्यंत सगळे आपापल्या गाड्यांना गेले. मग काकांनी वही पुढे ओढली. तांबडी रेघ खोडता येत नव्हती, म्हणून शेवटच्या नावाखाली त्यांनी नवीन ओळ घातली आणि माझं नाव पुन्हा लिहिलं, जुनंच, पूर्ण. शेऱ्यात लिहिलं, "बदली रद्द." त्यानंतर एक कोरा कागद घेऊन व्याह्यांना दोन ओळी लिहिल्या आणि माझ्याकडे न बघता तो कागद माझ्याकडे सरकवला. मी वाकून नमस्कार केला. "बास बास," ते म्हणाले, "त्या किडीचं तेवढं बग म्हंजे झालं."

काकी दारात उभ्या होत्या. "आवं, आता माजं बी लिवा."

काका हसले. "तू कवा संशोधन केलंस?"

"तेहतीस वर्सं तुमच्यासंगं काडली. ह्ये काय कमी संशोधन हाय?"

मी हसले, काकाही हसले. त्यांचा मूड आता चांगला होता. त्यांनी टाक दौतीत बुडवला. "बरं, सांग. काम काय लिवू?"

"काम ऱ्हाऊ द्या. आदी नाव लिवा. म्हायेरचं."

काकींच्या माहेरचं आडनाव काकांनी झटक्यात लिहिलं. मग टाक थांबला. आमच्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नावच लिहितात, आणि त्या दिवसापासून जुनं कोणी घेत नाही. काकांना आठ संशोधकांची नावं, गावं, देवकं तोंडपाठ होती. ते टाकाकडे बघत राहिले. शाईचा एक थेंब कागदावर पडला. शेवटी त्यांनी वर बघितलं. इतका ओशाळलेला सुभेदार मी त्याआधी बघितला नव्हता.

काकींनी नाव सांगितलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

काकांनी सावकाश, एकेक अक्षर जपून लिहिलं. वर टीपकागद दाबला.

"आता येकदा मोट्यानं वाचा," काकी म्हणाल्या. "मगाशी त्यास्नी वाचत व्हता तसं."

काकांनी घसा साफ केला. ताठ बसले आणि नाव पुकारलं.

"ओ," काकी म्हणाल्या.