झाकणाखालची तार

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी धाकटा थोरल्या भावाच्या मागच्या खोलीत गुडघे टेकून बसला होता आणि एका पत्र्याच्या पेटीला कान लावून पंख्याची घरघर ऐकत होता. सकाळी वहिनींचा फोन आला होता, "भाऊजी, तुमचा तो डबा दळण दळायला लागलाय. शेजारीण पीठ मागायला यायच्या आत या."

डबा त्याचाच, म्हणजे त्यानेच बांधलेला. हौशी रेडिओवाल्यांच्या भाषेत त्याला अँप्लिफायर म्हणतात. टेबलावरच्या रेडिओतून निघालेले शंभर वॅट आत घ्यायचे आणि हजार करून छपरावरच्या अँटेनाकडे सोडायचे, एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी पेटीच्या पोटात अठ्ठावीसशे व्होल्ट लागतात. घरातल्या सॉकेटच्या बारापट. पोटातला कपॅसिटर हा सगळा साठा भरून ठेवतो, आणि प्लग काढला म्हणून तो रिकामा होतोच असं नाही. धाकटा गिऱ्हाइकांना सांगायचा, "हे यंत्र चावत नाही साहेब, गिळतं."

पोटापाण्याचं काम लिफ्टदुरुस्तीचं. तीस वर्षं त्याने इमारतींच्या मधल्या काळ्या उभ्या बोगद्यांत काढली होती. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तो अँप्लिफायर बांधायचा, वर्षाला एखादाच. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच नको, उगाच मध्येमध्ये बंद पडतं. धाकट्याने अर्धं बांधलेलं यंत्र उचलून परत घरी आणलं होतं. डॉक्टर अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

"मीटर किती दाखवतोय?" पेटीच्या मागून त्याने विचारलं.

"अठ्ठावीसशे," पुढे खुर्चीत बसलेला दादा म्हणाला. "तुझ्यासारखाच आहे तो, एका जागी अडून बसलेला."

"बंद कर."

दादाने खटका पाडला. धाकट्याने प्लग उपटून स्वतःच्या मांडीशेजारी ठेवला, डोळ्यांना दिसेल असा. जरा वेळ जाऊ दिला.

"आता?"

"शून्य. उघड आता, मुहूर्त बघतोयस का?"

झाकणाला आठ स्क्रू असायला हवे होते. दोनच होते.

"बाकीचे कुठंयत?"

"गंजले. टाकले."

धाकट्याने डावा हात पँटच्या खिशात घातला. ही सवय दादाचीच देणगी. भूगोलाचा मास्तर असलेल्या दादाने त्याला मोर्सची, म्हणजे तारेच्या सांकेतिक भाषेची, टिकटिक शिकवली तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता, आणि उघड्या रेडिओपाशी दुसरा हात दिसला की बोटांवर पट्टी बसायची. दोन्ही हात आत गेले की वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत काळीज असतं. म्हणून एक हात खिशात. दादा तेव्हा म्हणायचा, "एका हाताने जेवता येतं, एका हाताने रडताही येतं. मेल्यावर दोन्ही मोकळेच."

झाकण निघालं. मीटर शून्य म्हणत होता, प्लग मांडीशी होता, तरीही धाकट्याने काठी उचलली. लांब फायबरची दांडी, टोकाला पितळेचा आकडा, आकड्याला जाड तार, तारेचं दुसरं टोक पेटीच्या पत्र्याला घट्ट आवळलेलं. हात घालायच्या आधी ही काठी कपॅसिटरला टेकवायची, हा नियम. दर वेळी काही होत नाही. काही होत नाही हेच बघायचं असतं.

धाड.

निळी ठिणगी, खोलीभर जळका वास. पितळेच्या आकड्याला खळगा पडला. स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं आणि वहिनी दारात आल्या.

"काय फुटलं?"

"फुटलं नाही, वहिनी," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "वाचलं."

काठी तशीच कपॅसिटरवर टांगून ठेवून तो वाकला, आणि त्याला सगळं दिसलं. आधी झाकणाचा स्विच. झाकण उचललं की या स्विचने मुख्य वीज तोडायची. त्याच्या दोन टोकांना बोटभर लांबीची तांब्याची तार पिळून बसवली होती, म्हणजे झाकण असो नसो, यंत्र बापडं झाकण लागलेलंच समजणार. मग चिनीमातीच्या नळ्यांची माळ. यंत्र बंद झालं की साठलेली वीज या रेझिस्टरांतून निथळून जावी म्हणून बसवलेली. तिचं वरचं टोक कापून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. नीट, गोल, मास्तरी हाताने.

लिफ्टवाले असल्या तारेला जंपर म्हणतात. धाकट्याच्या धंद्यात ती शिवीपेक्षा वाईट गोष्ट आहे. लिफ्टचं दार लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून दारात असाच स्विच असतो. धाकट्याच्या कामातल्या जोडीदाराला सगळे मामा म्हणायचे. कुणीतरी काम उरकायला दाराच्या स्विचवर जंपर टाकला, चहाला गेला आणि विसरला. मामा उघड्या दारातून आत वाकून तेल घालत होते. लिफ्ट निघाली. तेव्हापासून कंपनीत प्रत्येक मेकॅनिकला स्वतःचं लाल कुलूप आहे. कामाला उतरण्याआधी मुख्य खटक्याला ते लावायचं, आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसऱ्या कुणी नाही, साहेबानेही नाही.

"हे कुणी केलं?" धाकट्याने विचारलं.

"मी केलं. माझ्या घरात आणखी कोण करणार, मांजर?"

"का?"

"त्या नळ्या तापायच्या. वाफ यायची तोंडावर."

"तापायलाच बसवल्यात त्या! आणि झाकण असताना तोंडावर वाफ कशी येते, दादा?"

दादाने तोंड खिडकीकडे वळवलं. मास्तर खिडकीबाहेर बघू लागला की वर्गाने समजायचं, प्रश्न बरोबर आहे.

धाकटा माळेकडे बघत राहिला. आणि मग त्याला मीटर आठवला. मीटर त्या माळेच्याच शेपटाला जोडलेला होता. त्यानेच जोडला होता, अकरा वर्षांपूर्वी. माळ वरून कापली, तर मीटरपर्यंत काही पोचतच नाही. यंत्र चालू असो, बंद असो, काटा शून्यावरून हलूच शकत नाही.

"दादा, मघाशी अठ्ठावीसशे कुठं दिसले तुला?"

"मीटरवर. मग काय कपाळावर?"

"मीटर मेलाय. माळ कापलीस त्या दिवशीच मेला. कुठं दिसले?"

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"पाठांतर," दादा शेवटी म्हणाला. "चालू असलं की अठ्ठावीसशे, बंद असलं की शून्य. तुझ्या यंत्रात तिसरं काही असतं का?"

"तुला काटा दिसत नाही."

"जगाचा नकाशा तोंडपाठ आहे मला. एक काटा नाही दिसला तर पृथ्वी फिरायची थांबत नाही."

"मला म्हणालात नंबर बदललाय," वहिनी म्हणाल्या. "नवा चष्मा आणला की झालं म्हणालात. सहा महिने पेपर मी वाचून दाखवतेय, आणि म्हणे आवाज गोड आहे तुझा!"

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर धाकट्याचं डोकं अधिक तापत गेलं. दादाला रोज सकाळी साडेसहाला समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्याशी बोलायचं असतं. तो जहाजावर बिनतारीचं काम करायचा. आता ऐकू कमी येतं त्याला. शंभर वॅटने बोललेलं त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, हजार लागतात. हजार वॅट काढायचे तर आधी पुढची दोन बटणं फिरवून यंत्र जुळवावं लागतं, आणि ते काट्याकडे बघून. काटे दिसेनासे झाले तेव्हा मास्तरांनी शाळकरी युक्ती काढली. चुकीचं जुळलं की आतले काचेचे व्हॉल्व्ह लालबुंद होतात. तेवढा लाल ठिपका दादाला अजून दिसत होता. म्हणून झाकण काढायचं. झाकण काढलं की यंत्र बंद पडतं, म्हणून तार. वाकून बघताना माळेची धग तोंडाला लागते, म्हणून माळ कापायची. एक लबाडी लपवायला दुसरी.

"वाकून दाखव," धाकटा म्हणाला.

"काय?"

"रोज सकाळी कसा वाकतोस ते दाखव. प्लग माझ्याजवळ आहे, काठी टांगलीय. वाक."

दादा कुरकुरत वाकला. त्याच्या गळ्यातली चष्म्याची साखळी पुढे झुलली. स्टीलची. ती व्हॉल्व्हच्या टोपीपासून चार बोटांवर येऊन थांबली आणि हलत राहिली. त्या टोपीवर रोज सकाळी अठ्ठावीसशे व्होल्ट असायचे.

वहिनी झटक्यात पुढे आल्या, दादाच्या गळ्यातून साखळी ओरबाडून काढली आणि खिडकीबाहेर फेकली. चष्म्यासकट.

"अगं, चष्मा!"

"कशाला हवाय? पाठ आहे ना सगळं!"

"चाळीस वर्षं रेडिओ करतोय," दादा आता उठून उभा राहिला होता, आवाजही उभा राहिला. "कधी एक झटका नाही बसला. आणि तू मला शिकवतोस? तुझा हात धरून तारांना कथलाचा डाग द्यायला कुणी शिकवलं? पट्टी कुणी मारली?"

"तूच मारलीस! म्हणून तर आत्ता मी बोलतोय, नाहीतर त्या मघाच्या ठिणगीत मी गेलो असतो! मीटर शून्य आहे म्हणून तू सांगितलंस मला, दादा. तू. मी काठी लावली नसती तर तुझ्या पाठांतराने मारलं असतं मला."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

धाकट्याने पक्कड घेतली, स्विचवरची तार कापली आणि खिशात टाकली. माळ डागून पुन्हा जोडली. पंख्याच्या बेअरिंगला त्याने हात लावला नाही; घरघर राहू दे म्हणाला, यंत्र कुणी चालू केलं तर शेजारणीलाही कळलं पाहिजे. झाकण बसवलं, स्वतःच्या पिशवीतले आठ स्क्रू लावले, एकेक स्क्रू असा आवळला की पत्रा कुईकुई करत होता. मग त्याने पिशवीच्या तळातून लाल प्लॅस्टिकची एक डबी काढली. प्लग तिच्यात बसवायचा, डबी मिटायची, वर कुलूप लावायचं. मग तो प्लग जगातल्या कुठल्याही सॉकेटात जात नाही. कुलूप लाल होतं. त्यावर धाकट्याचा फोटो चिकटवलेला होता आणि खाली छापलेलं होतं, 'माणूस कामावर आहे. काढू नका.'

"माझ्या घरात माझ्या यंत्राला कुलूप?" दादा म्हणाला.

"यंत्र मी बांधलंय."

"सकाळी तो वाट बघेल तिकडे."

"बघू दे. तू मेलास तरी बघितलीच असती."

"भाऊजी!" वहिनी ओरडल्या.

"नाही वहिनी, आज बोलू द्या. डोळे जातायत हे सांगायला लाज वाटली याला. तार पिळायला नाही वाटली. सहा महिन्यांपूर्वी एक शब्द बोलला असतास ना, तर काट्याच्या जागी शिट्टी बसवून दिली असती. बरोबर जुळलं की सूर वर चढतो, चुकलं की उतरतो. मोर्स ऐकून कान तयार झालेल्या माणसाला डोळे लागतात कशाला? झाकण उघडायचीही गरज नाही. पण नाही! मास्तर कुणापुढे हात वर करणार नाही!"

दादा खुर्चीत बसला. बराच वेळ त्याने समोरच्या मीटरकडे तोंड केलं होतं, जणू अजून आकडा वाचतोय.

"शिट्टी बसते?" त्याने विचारलं.

"बसते."

"किती दिवस लागतील?"

"लागतील तितके. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. वहिनी, तुम्ही घेऊन जा. तोवर कुलूप माझं, किल्ली माझी."

"आणि तोवर त्याला काय सांगू?"

"मोर्समध्ये सांग. बोलणं अडतं तिथं टिकटिक शंभर वॅटमध्येही पोचते. ते तरी विसरला नसशील."

दादाचा उजवा हात टेबलावर होता आणि एक बोट हळूहळू लाकडावर टिकटिक करत होतं. धाकट्याला ते ऐकू आलं, तरी त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. राग अजून उतरला नव्हता, आणि उतरवायची त्याला घाईही नव्हती. वहिनी चहा विचारत होत्या. नको म्हणाला. जाताना अंगणात त्याने चष्मा शोधला, साखळी काढून खिशात टाकली आणि चष्मा खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

फाटकाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की कामावरचं आपलं एकुलतं कुलूप आत दादाच्या प्लगला लागलंय. तो परत फिरला नाही. सोमवारी सकाळी आठला त्याला रुग्णालयाच्या मागच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं आहे, आणि स्वतःच्या कुलुपाशिवाय कंपनी कुणालाही खड्ड्यात उतरू देत नाही. नवं कुलूप स्टोअरमधून सही करून मिळतं. स्टोअर साडेसातला उघडतं.