तीन दिवस पाणी लावायचं नाही

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप जमतात. आमच्या न्हाणीघराच्या जाळीत माझे केस जमतात ना, तसे. रोज एक-दोन, कोणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि एके दिवशी पाणी तुंबलं की सगळं घर गोळा होऊन बघतं. केस माझे, तेव्हा किस्सेही माझेच. सांगणारे मात्र तिघं: आमच्या सासूबाई, नवरा सचिन आणि ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसणारी सुजाता. प्रत्येकाच्या सांगण्यात मी जरा जास्तच येडी दिसते. म्हणून आज मीच सांगून टाकते.

प्रश्न एवढाच आहे की माझे केस कुरळे आहेत. शाम्पूच्या जाहिरातीतले लाटालाटांचे वेगळे. माझे भांड्यांच्या तारेच्या घासणीच्या जातीचे. दरवर्षी एकदा मला वाटतं की पार्लरमध्ये जाऊन, केमिकल लावून सरळ करून टाकावेत आणि मोकळं व्हावं. दरवर्षी एकदा वाटतं की नको, आहेत तसे नीट सांभाळावेत. या दोन वाटण्यांच्या मध्ये माझी ऐन तारुण्याची वर्षं गेली.

*

पहिला किस्सा लग्नाच्या आधीचा. सचिन मला पहिल्यांदा घरी घेऊन गेला. कसबा पेठेत, दुसरा मजला, दारात चपला एका रेषेत लावलेल्या. सासूबाई तेव्हा शाळेत भूगोल शिकवायच्या. मी छाप पाडायची म्हणून सकाळपासून केस विंचरत बसले होते. सुके कुरळे केस विंचरले की ते फुलतात, विंचरत राहिलं की आणखी फुलतात, हे मला त्या वयातही माहीत नव्हतं. दारात उभी राहिले तेव्हा मी सचिनपेक्षा उंच दिसत होते.

सासूबाईंनी पाणी दिलं. माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"वारा होता का गं बाहेर?"

"नाही, रिक्षानं आलो."

"असं."

पुण्यात कोणी 'असं' म्हटलं की पुढे काही बोलायचं नसतं. मी पाणी पिऊन टाकलं. तरीही लग्न झालं, यात माझ्या केसांचं काही कर्तृत्व नाही.

*

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीआधी मी पहिलं स्मूदनिंग करून घेतलं. अख्खा दिवस खुर्चीत. डोक्यावर नासक्या अंड्याच्या वासाचं क्रीम, मग धुणं, मग मशीननं एकेक बट दाबून सरळ करणं. घरी आले तेव्हा सासूबाई पेपर वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"झाली इस्त्री?"

मी म्हटलं, ठीक आहे, ऑफिसात तरी कौतुक होईल. तिथे सुजाता होती. सुजाता मूळची खराडीचीच. आमचं ऑफिस उभं आहे तिथे तिच्या आजोबांची ज्वारी असायची. हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते, मग पार्किंगवरून तिच्याशी कोणी वाद घालत नाही. तिने मला पाहिलं, खुर्ची सरकवून जवळ आली आणि थेट माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप हाय का गं तुला? केस पार बसल्यात."

*

केमिकलचं एक असतं. जे केस बाहेर आलेत तेवढेच सरळ होतात. आतून नवे येतात ते आपल्या वळणावरच येतात. चार-पाच महिन्यांत माझ्या डोक्यावर कुरळी टोपी आणि खाली सरळ झालर दिसायला लागली. सचिन एकदा कौतुकानं म्हणाला, "वरचे माहेरचे, खालचे पार्लरचे." त्या दिवशी त्याला आमटीत मीठ नव्हतं. मी विसरले होते, पण त्याचा त्यावर विश्वास नाही.

पार्लरवाली ताई म्हणाली, "मॅडम, परत करून घ्या, सगळं एकसारखं दिसेल." मी परत केलं. मग पुन्हा केलं. आपल्याकडे रस्त्यातला खड्डा बुजवायला शेजारी दुसरा खणतात, त्यातला प्रकार. शेवटी नवे आणि जुने केस जिथे जुळतात, तिथूनच ते तुटायला लागले. पोनीटेल बोटाएवढी झाली. फणीत केस, उशीवर केस, वरणात केस. वरणातला सासूबाईंनी ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि म्हणाल्या, "हा सरळ आहे. म्हणजे तुझाच."

मला त्या रात्री वाईट वाटलं. म्हणजे खरंच वाटलं. इतकी वर्षं ज्या केसांना मी शिव्या दिल्या, ते निघून चालले तर जीव खाली-वर व्हायला लागला.

*

मग मी आणि सुजातानं ठरवलं: आता केमिकल बंद. तिचेही केस कुरळेच, फक्त ती ते तेल लावून वेणीत दाबून टाकायची. आम्ही मोबाईलवर व्हिडिओ बघून रीतसर अभ्यास केला. सुके केस विंचरायचे नाहीत. ओल्यावरच, कंडिशनर लावून, बोटांनी सोडवायचे. टॉवेलनं खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती टी-शर्टमध्ये गुंडाळायचे. उशीला साटीनचा अभ्रा घालायचा, म्हणजे केस घासले जात नाहीत.

सुजाताला साटीन आणायला वेळ नव्हता. तिने एका जुन्या साटीनच्या परकराचाच अभ्रा शिवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली ती तोंड पाडून.

"काय झालं?"

"आईनं बघितलं. म्हणली, कमरंचा परकर डोक्याखाली घेऊन झोपतीस, आता पाय कुठं ठेवणार हाईस?"

माझा किस्सा टी-शर्टचा. रविवारी न्हाऊन, सचिनचा कंपनीचा टी-शर्ट डोक्याला बांधून मी दार उघडलं. बाह्या दोन्ही कानांवर लोंबत होत्या, कपाळावर कंपनीचं बोधवाक्य. बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी, पाण्याच्या टाकीची नोटीस घेऊन. ते नोटीसही विसरले आणि टाकीही. मागून सासूबाई आल्या.

"या ना. ही आमची सून. टी-शर्ट घालायची तिची पद्धत जरा वेगळी आहे."

*

या सगळ्यात जवसाचं जेल हा मुख्य प्रकार. जवस पाण्यात उकळायचे, बुळबुळीत झालं की गाळायचं, आणि ते केसांना लावायचं. बाजारातल्या महागड्या बाटलीपेक्षा बरं, आणि कुरळे केस खरंच छान वळतात. मी वाटीत काढून, वर ताटली झाकून फ्रिजमध्ये ठेवलं.

आमच्या घरी एक नियम आहे. फ्रिजमध्ये ताटलीखाली जे असेल ते आईनं सचिनसाठी ठेवलेलं असतं. चाळीशी आली तरी त्याचा हा समज कोणी मोडलेला नाही. सकाळी मी बघते तर वाटी धुऊन पालथी घातलेली.

"सचिन, वाटीतलं काय केलंस?"

"खाल्लं. साखर घालून. का?"

मी सांगितलं. त्यानं पालथ्या वाटीकडे बघितलं. मला वाटलं, आता उलटी करतो. संध्याकाळी मात्र हळूच स्वयंपाकघरात आला.

"ते परत कधी करणार आहेस? पोट फार छान साफ झालं."

तेव्हापासून मी दोन वाट्या करते.

*

आठ महिने असे गेले. केस तुटायचे थांबले. खालची सरळ झालर थोडी-थोडी कापत गेले आणि खांद्याच्या वर का होईना, पण माझे स्वतःचे, दाट, गोल-गोल केस आले. लिफ्टच्या आरशात मी स्वतःकडे दोनदा बघायला लागले. सुजाता म्हणायची, "आता पुन्हा काय लावशील तर बघ."

आणि नेमका परदेशातला क्लायंट यायचा ठरला. इतकी वर्षं सगळी तयारी मी करायची आणि उभं राहून बोलायचं दुसऱ्या कोणीतरी. या वेळी मॅनेजर म्हणाला, "मधुरा, मंगळवारी प्रेझेंटेशन तू दे. नीट झालं तर टीम तुझी." मी हवेत. मग तो दारातून परत वळला, माझ्या डोक्याच्या साधारण वर कुठेतरी बघत म्हणाला, "फक्त त्या दिवशी जरा... प्रेझेंटेबल, हं?"

सुजातानं ऐकलं. तो गेल्यावर म्हणाली, "त्याला टक्कल हाय. त्याला कोण म्हणतंय का प्रेझेंटेबल?"

मी हसले. खूप हसले. आणि शुक्रवारी संध्याकाळी गुपचूप पार्लरमध्ये जाऊन बसले. आठ महिन्यांचा निश्चय, एका अर्धवट वाक्यात आडवा! सुजाताला कळवायची हिंमत झाली नाही. पार्लरवाली ताई मागच्या प्रत्येक खेपेला सांगायची तेच म्हणाली, "सोमवारी संध्याकाळपर्यंत पाणी लावायचं नाही. बांधायचे नाहीत, कानामागे घ्यायचे नाहीत. तीन दिवस पाळा, नाहीतर पैसेही गेले आणि केसही गेले."

केस आता आखूड, म्हणून रात्रीपर्यंत उरकलं. सासूबाईंनी दार उघडलं. बघितलं. या वेळी 'इस्त्री' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. फक्त "जेवून घे" म्हणाल्या, ते मला जास्त लागलं.

*

शनिवारी दुपारी सासूबाईंचा फोन वाजला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. मी शेजारीच, मान ताठ, केस दोन्ही बाजूंना सोडून, देवीसारखी बसलेली. साताऱ्याहून पुतण्याचा फोन होता. अण्णाकाका गेले. सासऱ्यांचे लांबचे चुलतभाऊ.

लांबचे असले तरी अण्णाकाका माझे होते. वर्षातून एकदा यायचे, माझ्यासाठी पेढे आणायचे आणि पुडा माझ्याच हातात द्यायचे, सासूबाईंच्या नाही. माझ्या लग्नात सगळे माझ्या डोक्यावर गजरा टिकत नाही म्हणून कुजबुजत होते, तेव्हा ते म्हणाले होते, "हिला फुलं कशाला? भरगच्च आहे सगळं."

लांबचं नातं, म्हणजे अंघोळीचं सुतक. बातमी ऐकली की डोक्यावरून अंघोळ करायची, झालं. आमच्या घरात यात तडजोड नाही. सासूबाई जाऊन न्हाऊन आल्या. सचिन न्हाऊन आला. मग मी उठले. म्हटलं, जाऊ दे. मंगळवारी डोक्यावर घासणी तर घासणी. काकांसाठी एवढंही करता येत नसेल तर काय उपयोग. टॉवेल घेतला आणि न्हाणीघराच्या दाराशी आले. सासूबाई ओल्या केसांनी तिथेच उभ्या होत्या.

"कुठे निघालीस?"

"अंघोळीला."

"दुपारी चार वाजता? कशाबद्दल?"

"आई, अण्णाकाका..."

"काय झालं त्यांना?"

"आत्ता फोन आला ना. गेले ना ते."

"तुला कोणी सांगितलं?"

"स्पीकरवर ऐकलं."

"दुसऱ्यांचे फोन ऐकू नयेत," सासूबाई म्हणाल्या. "तुला कोणी काही सांगितलेलं नाही. सुतक कळल्यापासून लागतं. टॉवेल जागेवर ठेव."

त्या दिवसापासून मला काहीच माहीत नव्हतं. सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, "मधुराला कळवू नका. तिला सोसायचं नाही. मी बघते कसं सांगायचं ते." रविवारी शेजारच्या काकू भेटायला आल्या, तर मला भाजी निवडायला आत पाठवलं. बाहेरून काकूंचा आवाज आला, "किती जीव होता हो पोरीचा त्यांच्यावर!" नणंदेनं फोन करून माझ्याशी पाऊण तास पडद्यांच्या कापडावर गप्पा मारल्या आणि शेवटी गळा भरून "सांभाळ गं" म्हणाली. सचिन घरात चोरासारखा वावरत होता. मी मेथी निवडत होते आणि मला रडताही येत नव्हतं, कारण रडायचं कारण मला अजून कळलेलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसातून आले. चहा झाला. साडेसातला सासूबाईंनी टीव्ही बंद केला. सचिनला बोलावून माझ्या शेजारी बसवलं. स्वतः समोर खुर्ची ओढून बसल्या आणि माझा हात हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मधुरा, मन घट्ट कर. एक वाईट बातमी आहे. आपले अण्णाकाका गेले."

तीन दिवसांचं सगळं एकदम आलं. मी हमसून हमसून रडले. सासूबाईंनी रडू दिलं. पदरानं माझं तोंड पुसलं. मला काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, "कधी?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ताच," त्या म्हणाल्या. "ऊठ. गीझर लावून ठेवलाय. डोक्यावरून घे."