हुनिदमावशीचा राजा

हुनिद माझी सख्खी मावशी. राजघराण्यातली पोरं आमच्या डोंगराळ मुलखात दुसऱ्यांच्या घरी वाढतात, तसा रिरिद तिच्याकडे आला. तिचा इथेल तेव्हा अंगावर पीत होता. तिने दोघांनाही पाजलं. पुढे दोघं एका घोंगडीत झोपले आणि खोड्या केल्या की सारखाच मार खाल्ला. "राजा असशील बापाकडे. इथं पाणी भर!" असं मावशी रिरिदला सुनवायची.

रिरिदचा बाप गेल्यावर राज्य भावाभावांत वाटायचं ठरलं. रिरिदला वाटा नको होता, सगळंच हवं होतं. त्याने थोरल्या भावाचे डोळे काढले. कळल्यावर मावशी डोंगर उतरून तडक त्याच्या दरबारात गेली.

"हे कुणी शिकवलं तुला? मी?"

"माये, राज्य काय ताक घुसळून मिळतं?" तो हसला. मावशी काही न खाता परतली.

आंधळ्या भावाची माणसं सीमेपलीकडच्या इंग्रजांच्या राजाला जाऊन मिळाली. नदीकाठाने सैन्य आलं. शेतातलं उभं ओटचं पीक जळालं, खोऱ्याच्या तोंडाशी किल्ला उभा राहिला. एकेक सरदार रिरिदला सोडून गेला. इंग्रजांनी घराघरातली पोरं ओलीस नेली. त्यांत इथेलच्या दोन मुली होत्या.

उन्हाळ्यात आम्ही गुरं घेऊन डोंगरावरच्या झोपडीत राहायचो. एका सकाळी मावशी दूध काढत असताना रिरिद समोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, एका पायात बूटच नाही.

"माये, काही खायला आहे?"

मावशीने ओटची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं. तेवढ्यात इथेल खालून मीठ घेऊन आला. दारातच थबकला.

"इथ्या, म्हातारा झालास रे!" रिरिद म्हणाला.

"राज्य तू केलंस. म्हातारे आम्ही झालो."

इथेलने आईला बाहेर नेलं. मी गाईपाशीच होते.

"आई, माझ्या पोरी किल्ल्यात आहेत."

"त्याला डोंगरापलीकडे जाऊ दे. मग सांग."

"तोवर दुसरा कुणी सांगेल. मी लपवला म्हणून पोरींना मारतील."

"माझ्याकडून हो वदवून घेऊ नकोस."

"मग नको म्हण."

इथेल थोडा वेळ वाट पाहत उभा राहिला, मग उतरणीला लागला.

मावशी आत गेली. "इथेल कुठे गेला?" रिरिदने विचारलं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, उरलेली भाकरी खाली ठेवली. अनवाणी पाय सुजून टम्म झाला होता. पळून जाणार तरी कुठे? तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. ती त्याच्या केसांतले काटे काढत बसली.

दुपारी शिपाई आले. इथेल त्यांच्या मागे होता. हात बांधून घेताना रिरिदने त्याला एवढंच विचारलं, "पोरी सोडतील ना?"

एक सोडली. धाकटी किल्ल्यातच तापाने गेली होती. रिरिदला इंग्रजांनी फासावर चढवलं. मावशी किल्ल्याच्या दाराशी प्रेत मागत बसली. मिळालं नाही.

माय-लेक एकाच छपराखाली राहिले. एकदा जेवताना इथेल म्हणाला, "आई, निदान शिव्या तरी दे."

मावशीने त्याचं वाडगं पुढे सरकवलं. "खा," म्हणाली. "गार होतंय."