राणीला कुंकू

आमच्या घरात एका इंग्रज बाईला दरवर्षी हळदकुंकू लावलं जातं. लक्ष्मीपूजनाला पाटावर तांदळाची रास, आणि राशीवर चांदीचा राणीछाप रुपया. मुकुट घातलेली, भरल्या हनुवटीची, कुणावर तरी रुसून डावीकडे बघत बसलेली राणी. साठाहून जास्त वर्षं तिने राज्य केलं, हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही, आणि आमच्या देवघरात मात्र ती अन्नपूर्णेला खेटून बसली. रुपया सासूबाईंच्या सासूबाईंचा. पुण्याहून तो सातासमुद्रापार पार्सिपनीला आला आणि किचनच्या कपाटातल्या आमच्या देवांमध्ये राहू लागला.

दोन हजार चारच्या जानेवारीत सासूबाई आमच्याकडे होत्या. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. रोज सकाळी त्या सासऱ्यांचा चष्मा पदराने पुसायच्या, काचा उजेडाकडे धरून बघायच्या आणि खिडकीत ठेवायच्या. खिडकीबाहेर बर्फ. त्या चष्म्यातून कुणीतरी शांतपणे बर्फ बघतंय असं मला रोज वाटायचं.

शनिवारी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी सासूबाईंना म्हटलं, खाली सगळ्यांत बसायचं, मी तुम्हालाही कुंकू लावणार. त्या म्हणाल्या, मी वर बसते, उगाच कुणाला अवघडायला नको. मंडळाच्या नाटकात मी तीनदा रंगमंचावर मेले आहे आणि तिन्ही वेळा लोक रडले आहेत. ती सगळी कला मी पणाला लावली. सासूबाई मटार सोलत राहिल्या. खाली बांगड्या वाजताहेत आणि वर बंद दाराआड त्या ऐकत बसल्या आहेत, हे चित्र मला सोसवत नव्हतं. पण मटारापुढे माझं काही चालेना.

त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेत जिवंत म्युझियम होतं. मुलांनी इतिहासातलं कुणीतरी व्हायचं, पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायचं. पायाशी कागदाचं लाल बटण. ते पायाने दाबलं की पुतळा स्वतःची गोष्ट सांगतो आणि पुन्हा गोठतो. लेकीने आपल्या रुपयावरची राणी निवडली होती. काळा पोशाख हवा म्हणाली. घरात काळं एकच, माझी संक्रांतीची चंद्रकळा. सासूबाईंनी हौसेने तिचा घेरदार झगा केला, बावीस सेफ्टी पिना लावून. पोटाला उशी बांधली, डोक्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल. संक्रांतीला पोर काळ्यात किती गोड दिसते, असं म्हणून त्यांनी तिची दृष्टही काढली.

शाळेच्या जिममध्ये उंच खिडक्यांतून बर्फाचा निळसर उजेड उतरला होता. त्या उजेडात चाळीस मुलं गोठून उभी. एक अंतराळवीर, दोन राष्ट्राध्यक्ष, नाक खाजवायची परवानगी नसलेला एक शास्त्रज्ञ. पाण्याखाली चालावं तसे आईबाप त्यांच्यामधून हळूहळू फिरत होते. मधेच एखादा पुतळा जागा व्हायचा, बोलायचा, विझायचा.

सासूबाईंनी नातीपुढचं बटण दाबलं. राणी इंग्रजीत बोलू लागली आणि मी सासूबाईंच्या कानात मराठी सांगू लागले. मी अठराव्या वर्षी राणी झाले. मला नऊ मुलं. माझा नवरा बेचाळीस वर्षांचा असताना गेला. त्यानंतर चाळीस वर्षं मी काळेच कपडे घातले. रोज त्याच्या दाढीसाठी गरम पाणी ठेवायला लावलं.

राणी गोठली. सासूबाईंनी पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मी काही सांगितलं नाही. त्या ऐकत होत्या, ओठ किंचित हलवत, आरती म्हणताना हलतात तसे. मागे रांग लागली होती. उशी घसरलेल्या राणीने दातांवर दात ठेवून पुटपुटून विचारलं, "आजी, आर यू डन?"

गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. पहिल्या सिग्नलला म्हणाल्या, "आपल्या रुपयावर हीच ना?"

"हीच."

"आणि रुपया पाडला तेव्हा नवरा होता?"

"ऑलरेडी डेड, आजी," मागून राणी म्हणाली. "कॉइनवर इयर आहे ना."

सिग्नल हिरवा झाला, तरी मी थांबलेलीच.

"म्हणजे माझ्या सासूबाईंनी लावलं, मी लावलं, तूही लावतेस," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "तीन पिढ्या विधवेला कुंकू. लक्ष्मी कधी रागावली नाही ती?"

"नाही. नुसतं ग्रीनकार्ड अडकलंय."

त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, बराच वेळ. पण शनिवारचं काही बोलल्या नाहीत, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच जीभ आवरली.

शनिवारी चौदा जणी आल्या. दाराशी स्नो बुटांचा ढीग, काळ्या साड्यांखाली लोकरीचे मोजे. सासूबाई वर, दार बंद. मी एकेकीला हळदकुंकू लावत होते, तिळगूळ देत होते, विनोद करत होते. कान जिन्याकडे. सातव्या की आठव्या बाईशी पोचले, तेव्हा खोली एकदम शांत झाली.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सासूबाई उभ्या होत्या. त्या आल्या आणि सोफ्याच्या टोकाला, रांगेत बसल्या. मी करंडा घेऊन समोर गेले आणि तिथेच माझा पुतळा झाला. इतकी वाक्यं पाठ असलेली मी, तोंडातून निघालं फक्त, "आई, लावू?"

"विचारू नकोस," त्या हलकेच म्हणाल्या. "विचारलंस तर नाही म्हणेन मी."

मी लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. शेजारी बसलेल्या मुलीने सरकून त्यांना जास्त जागा करून दिली, आणि कुणीतरी बोलायला सुरुवात केली, कशाबद्दल ते मला आठवत नाही. वाण म्हणून मी प्लॅस्टिकचे डबे आणले होते. सासूबाईंनी आपला डबा उलटसुलट करून पाहिला, झाकण दोनदा लावून काढलं.

"सैल आहे गं," त्या म्हणाल्या. "मला दुसरा दे."