ती दम खायलीय

आमच्या नवजात कक्षात कोणती खाट कोणत्या सिस्टरकडे, हे रोज बदलायचं. एकाच बाळावर जीव जडू नये म्हणून म्हणे. मला हा नियम कधीच पटला नाही. एकीने फोडणी द्यायची आणि दुसरीने मीठ घालायचं, अशी भाजीसुद्धा बिघडते. इथे तर ओंजळीएवढं लेकरू.

ताडकळसची एक पहिलटकरीण होती. तिची मुलगी दिवस भरण्याआधीच आलेली, नाकातून पोटात दुधाची नळी. बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पोटभर प्यायला लागली की नळी निघणार आणि मायलेकी घरी जाणार. तेवढंच अडलं होतं.

माझ्याकडे असली की पोरगी थोडं प्यायची, मग कपाळाला आठ्या घालून थांबायची. घाई केली की ठसका लागायचा, ओठ निळे पडायचे. वाट पाहिली की जीभ पुन्हा बाहेर. लबाड कुठली! पण दुसऱ्या दिवशी नवी सिस्टर यायची. तिला ते थांबणं म्हणजे नकार वाटायचा, आणि दूध परत नळीतून जायचं. तिचा तरी काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी इन्चार्ज बाईंशी भांडले. "हे बाळ माझ्याकडेच राहू द्या."

"जीव लावशील आणि रडत बसशील."

"रडीन की. ड्यूटी संपल्यावर रडीन."

बाई हसल्या आणि तयार झाल्या. मग दूध पाजताना मी आईलाही हात धुऊन शेजारी बसवू लागले.

मधे माझी सुट्टी आली. घरी कशातच लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी लवकरच गेले, तर कालची सिस्टर अजून दूध पाजत होती. पोरगी थांबली. सिस्टरने बोंडलं खाली ठेवलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली,

"थांबा ताई. नको म्हनत न्हाई ती, दम खायलीय."

आम्ही तिघी बघत राहिलो. इवलीशी जीभ बाहेर आली. मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

"काल लय काळजी लागली होती गं मला," मी म्हटलं.

"कशाला ताई? तुमी रोज बदलताव. मी कुटं बदलते?"

नळी निघाली, मायलेकी घरी गेल्या. आता ड्यूटी बदलताना आम्ही आईला खाटेपाशी बोलावतो, आणि आधी तिला बोलू देतो.